लेकराचा ताप घरी कसा सांभाळायचा? बेळगाव सीमाभागातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर संध्याकाळी एकच विषय असतो, पोराला ताप. कुणी उचगावहून आलेलं असतं, कुणी जांबोटीहून, कुणी शहापूरच्या गल्लीतून पायात चप्पल नसताना धावत. प्रश्न तेच ते, आणि घाईत दिलेलं उत्तर घरी पोचेपर्यंत निम्मं होतं. म्हणून सवडीनं लिहून ठेवतोय. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. काउंटरवरून जेवढं सांगता येतं तेवढंच इथं आहे, आणि डॉक्टरकडे कधी जायचं हे मुद्दाम सगळ्यात आधी घेतलंय.

अंग नुसतं फणफणलंय. आत्ताच पळायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

आधी वय बघा, मग पोर बघा, आकडा शेवटी. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर उजाडायची वाट बघायची नाही. आपल्या मनानं औषधाचा थेंबही द्यायचा नाही. एवढ्या बारक्या जिवात मोठा जंतुसंसर्गसुद्धा सुरुवातीला नुसत्या तापानंच दिसतो. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा ताप १०२ च्या पुढे गेला तर त्याच दिवशी दाखवा.

त्यापुढच्या वयात ही लक्षणं बघायची : अंगावर ओढत नाही किंवा घोटभर पाणीही पीत नाही, प्यालेलं सगळं उलटून टाकतं, हाका मारल्या तरी नीट डोळे उघडत नाही, मान पुढे वाकवता येत नाही, टाळू फुगलीय, आठ तासांत लघवी नाही, ओठ निळसर पडलेत, अंगावर जांभळट ठिपके आहेत आणि काचेचा पेला दाबून धरला तरी ते फिके पडत नाहीत. यातलं एक जरी असलं तरी थर्मामीटर काय म्हणतोय ते सोडा आणि निघा.

श्वास मोजायला शिका, फुकटची तपासणी आहे. पोर शांत किंवा झोपलेलं असताना बनियन वर करायचं, घड्याळ समोर ठेवायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो वेगाचा श्वास. त्यात बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर न्यूमोनियाची शंका धरून लगेच दवाखाना.

आणि उलट बाजूही सांगतो. १०३ ताप आहे, पण औषध लागू पडल्यावर पोर उठून बसलं, बिस्कीट मागितलं, मोबाइल मागितला, तर ती रात्र घरी काढायला हरकत नाही. ताप तिसऱ्या दिवसाच्या पुढे गेला तर मात्र पोर खेळत असलं तरी दाखवून या.

हात लावला की कळतं की वो, थर्मामीटर कशाला?

हाताला कळतं ते "गरम आहे" एवढंच. ९९.८ आणि १०२.६ यांतला फरक आईच्या हातालाही कळत नाही, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काख पुसून कोरडी करायची, टोक काखेच्या मधोमध ठेवायचं, हात अंगाशी दाबून धरायचा आणि बीप होईपर्यंत सोडायचं नाही. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणून काखेत ९९.५ च्या पुढे गेलं की ताप धरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा काखेतला आकडा एवढा दिसला तरी दाखवूनच या. नुकतंच दूध प्यालेलं, रडलेलं किंवा चुलीजवळून उठून आलेलं पोर दहा-पंधरा मिनिटं थांबून तपासा.

कपाळावर रोखायची ती बंदूक उन्हातून आलेल्या किंवा घामेजलेल्या पोराच्या बाबतीत फसवते. पाऱ्याचा जुना काचेचा थर्मामीटर घरात असेल तर पोरांच्या हाती लागू देऊ नका.

१०३ च्या वर गेला की ताप मेंदूत जातो म्हणतात. खरं काय?

सर्दी-खोकल्याच्या, घशाच्या किंवा साथीच्या तापानं मेंदूला इजा होत नाही. आजाराशी लढताना शरीर स्वतःच तापमान वाढवतं आणि त्यावर त्याचा ताबाही असतो. मेंदूज्वर ही वेगळी गोष्ट आहे. तिथं जंतूच मेंदूपर्यंत गेलेले असतात आणि ताप हे त्याचं नुसतं एक लक्षण असतं. उष्माघातही वेगळा. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेलं किंवा दुपारभर उन्हात राहिलेलं मूल तापलं, तर तो शरीराचा ताबा सुटल्याचा प्रकार आहे. त्यात पॅरासिटामॉल काही करत नाही. सावलीत आणायचं, कपडे काढायचे, अंग ओलं करून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा.

पॅरासिटामॉल किती मिली द्यायचं?

वयावर नाही, वजनावर. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस. वजन माहीत नसेल तर अंगणवाडीत काटा असतो, तायी कार्डावरही (आई-बाळाच्या नोंदीचं कर्नाटकातलं सरकारी कार्ड) मागचं वजन लिहिलेलं असतं.

पुढची पायरी बहुतेकांची चुकते. दुकानात दोन बाटल्या शेजारी ठेवून मी रोज दाखवतो. नाव तेच, रंग तोच, खोकाही जवळजवळ तसाच. खाली बारीक अक्षरात एकीवर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. तिसरी चिमुकली बाटली थेंबांची, तिच्यात १ मिलीतच १०० मिलिग्रॅम. आता दहा किलोचं पोर धरा, म्हणजे १५० मिलिग्रॅमपर्यंत. १२० च्या बाटलीतून ते होतं सुमारे ६ मिली, २५० च्या बाटलीतून ३ मिली, थेंबांच्या बाटलीतून दीड मिली. "मागच्या वेळी सहा मिली दिलेलं" एवढंच लक्षात ठेवून २५० च्या बाटलीतून सहा मिली दिलं तर दुप्पट डोस गेला. थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिलं तर चौपट, आणि तो मार यकृतावर बसतो.

सीमाभागात हा घोळ जास्त होतो, कारण औषधं दोन राज्यांतून घरात येतात. माहेर कोल्हापूरला, सासर निपाणीला. एक बाटली तिकडच्या डॉक्टरांनी दिलेली, एक इकडच्या, आणि फडताळात दोन्ही एकमेकींना टेकून. चिठ्ठीवर "५ मिली" लिहिलेलं असलं तरी ते कुठल्या ताकदीच्या औषधाचं, हे दुकानातच विचारून घ्या आणि बाटलीवर पेनानं पोराचं नाव, मिली आणि तारीख लिहून ठेवा.

मापायला बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा, त्याहून चांगली, सुई नसलेली सिरिंज. घरातला चमचा नको. कुठला तीन मिलीचा असतो, कुठला सातचा.

औषध देऊन तास झाला, ताप उतरला नाही. परत देऊ का?

नको. पॅरासिटामॉलचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो आणि ताप एक-दोन अंशांनीच खाली येतो. १०४ चा १०२ झाला म्हणजे औषध लागू पडलंय. चार-पाच तासांनी ताप पुन्हा चढला तर तेही ठरल्याप्रमाणेच आहे. औषध आजार घालवत नाही, आजार आपले दिवस घेतो आणि औषध तोवर पोराला जरा आराम देतं. म्हणूनच गाढ झोपलेल्या पोराला नुसता डोस द्यायला उठवू नका. ताप १०० आहे आणि पोर खेळतंय, तर औषधाचं टोपण उघडायचीही गरज नाही.

औषध पाजलं आणि लगेच ओकलं. आता?

दहा-पंधरा मिनिटांच्या आत सगळं बाहेर आलं असेल तर तोच डोस एकदा परत द्या. अर्धा तास उलटून गेला असेल तर देऊ नका, पोटात गेलंय असं धरून चला. पोटात काहीच टिकत नसेल तर गुदद्वारातून ठेवायच्या पॅरासिटामॉलच्या वड्या मिळतात, पण त्या डॉक्टरांना विचारून. आणि ती वडी हाही एक डोसच आहे, चारात धरायचा.

पॅरासिटामॉलनं भागत नाही. ते "जोराचं" औषध द्या की!

हे वाक्य आम्ही दिवसातून कितीतरी वेळा ऐकतो आणि खरं सांगायचं तर काही दुकानदार ते ऐकून देतातही. ज्या औषधांची नावं तुमच्या तोंडी असतात, ती एकेक घेऊ.

आयब्युप्रोफेन : सहा महिन्यांच्या पुढे, डॉक्टरांनी सांगितलं तर, काहीतरी खाल्ल्यावर. डेंगीची शंका असेल, कांजिण्या असतील किंवा पोर उलट्या-जुलाबांनी सुकलं असेल तर नको.

मेफेनॅमिक ॲसिड : घरोघरी आहे, पण आपल्या मनानं द्यायचं औषध नाही. त्यानं क्वचित अंगावर पुरळ येऊन आतल्या अवयवांनाही त्रास देणारी गंभीर ॲलर्जी होऊ शकते. तसा इशारा देशाच्या औषधसंहिता आयोगानं २०२३ मध्ये दिला आहे.

निमेसुलाइड : बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. घरातल्या मोठ्यांच्या अंगदुखीच्या गोळ्यांत ते असू शकतं, म्हणून "अर्धी गोळी तोडून" हा प्रकार मुळीच नको.

ॲस्पिरिन : मुलांच्या तापात नाही. कांजिण्या किंवा फ्लूमध्ये त्यानं यकृत आणि मेंदू दोन्ही धोक्यात येतात.

आलटून-पालटून दोन औषधं देण्याचीही फॅशन आहे. रात्री दोन वाजता झोपेत कुणी काय कधी दिलं हे आई-बाबा दोघांनाही आठवत नाही, आणि एकच औषध दोनदा जातं. एका औषधावर राहा.

सोबत सर्दी-खोकला आहे. त्याची बाटलीही द्या ना.

सर्दीच्या पुष्कळ बाटल्यांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. तापाची बाटली वेगळी आणि ही वेगळी दिली की तेच औषध दोन दारांनी पोटात जातं. दुसरं म्हणजे, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे भेसळीच्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलंय की दोन वर्षांखाली ही औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. भेसळ नसलेलं औषधसुद्धा बारक्यांच्या खोकल्याला फारसं उपयोगी पडत नाही. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब मिळतात, दोन-दोन थेंब दूध पाजायच्या आधी घाला. वर्षावरच्या पोराला झोपताना चमचाभर मध द्या. वर्षाच्या आत मध बोटानंही चाटवायचा नाही.

मागच्या वेळच्या अँटिबायोटिकची अर्धी बाटली शिल्लक आहे. ती चालेल?

नाही. पावडरीत पाणी घालून केलेलं औषध सहसा आठवडाभरातच निकामी होतं. आणि बहुतेक ताप विषाणूंचे असतात, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की ते चिठ्ठीशिवाय मागू नका, आम्हीही देऊ नये.

मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात का?

मिठानं काही फरक पडत नाही, आणि नुसत्या कपाळावरच्या पट्टीनं ताप फारसा उतरत नाही. पोराला बरं वाटत असेल तर ठेवा. अंग पुसायचं असेल तर आधी औषध द्या, अर्ध्या तासानं कोमट पाण्यात पंचा भिजवून मान, काखा, जांघा पुसा. पोर कुडकुडायला लागलं की थांबा, कारण कुडकुडण्यानं अंग आणखी तापतं. फ्रीजचं पाणी, बर्फ, स्पिरिट, कोलनवॉटर यातलं काही नको. स्पिरिट तर कातडीतून आणि वासातूनही आत जातं.

कानटोपी, स्वेटर, वर घोंगडी. वारं लागू नये म्हणून एवढं तरी पाहिजे ना?

थंडी वाजून हातपाय गार पडलेत तोवर पांघरूण घाला. ते थांबून अंग तापलं की काढा. एक पातळ सुती कपडा पुरे. पंखा मंद चालू ठेवा, खिडकी उघडी चालते. खानापूर भागात पावसात भिंतींना ओल येते म्हणून लोक दारं-खिडक्या गच्च बंद करून घेतात. त्या कोंदट खोलीत गुंडाळून ठेवलेल्या तान्ह्या बाळाचं अंग नुसत्या कपड्यांनीही तापतं. कपडे सैल करून पंधरा मिनिटांनी परत ताप बघा. अंघोळ कोमट पाण्यानं घातली तर चालते.

काही खात नाही. काय करू?

दोन दिवस खाल्लं नाही तर काही बिघडत नाही, प्यायलं नाही तर बिघडतं. सहा महिन्यांच्या आत फक्त आईचं दूध, नेहमीपेक्षा जास्त वेळा. त्यापुढे आपल्या घरात जे असतं तेच उत्तम : भाताची पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, ताक, शहाळ्याचं पाणी. बेळगावी बासमतीचा मऊ भात जरा तूप-मीठ घालून दिला तर बहुतेक पोरं दोन घास घेतात. ताप आहे म्हणून दही-ताक बंद करायचं कारण नाही. जबरदस्तीनं भरवू नका, ओकून टाकलं तर आतलं पाणीही जातं.

जुलाब असतील तर ओआरएस. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच, मोठं पाकीट असेल तर एक लिटर, पेल्यात चिमूटभर असं नाही. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. आणि टेट्रापॅकमधली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. तसं नाव त्यांच्यावर लिहायला २०२५ मध्ये सरकारनं मनाई केली आहे, पण मागणारे अजून तेच मागतात.

तापात आकडी आली तर?

बघणाऱ्याचं काळीज हातात येतं. डोळे वर फिरतात, दात घट्ट आवळले जातात, हातपाय झटके देतात, तोंडाला फेस येतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाची आकडी येऊ शकते आणि बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते.

तेवढ्या वेळात काय करायचं ते आत्ताच वाचून ठेवा. पोराला जमिनीवर किंवा गादीवर एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-ओकारी घशात जाणार नाही. गळ्याजवळचा कपडा सैल करा. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा फोडून हुंगवायचा, चप्पल नाकाला लावायची, याचा काही उपयोग नाही. आकडी आपल्या वेळेनं थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांत थांबली नाही, एका दिवसात परत आली, अंगाच्या एकाच बाजूला आली किंवा थांबल्यावर पोर शुद्धीवर येईना, तर १०८ ला फोन. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं.

साधारण तीनातल्या एका मुलाला ती पुढच्या एखाद्या तापात परत येते. पॅरासिटामॉल वेळेवर दिल्यानं ती टळते असं नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टर घरी ठेवायला नाकात मारायचा फवारा लिहून देतात. तो कसा वापरायचा हे दवाखान्यातच हातात घेऊन शिकून घ्या.

सीमेवरच्या गावातून १०८ लावताना काय सांगायचं?

गाव, तालुका, जिल्हा तिन्ही सांगा. सीमेलगत मोबाइल कधीकधी पलीकडच्या टॉवरवर जातो आणि एका नावाची गावं दोन्हीकडे असतात. कणकुंबीसारख्या ठिकाणाहून रात्री घाटातून येताना वेळ लागणारच, तेव्हा पोर अगदी मलूल होईपर्यंत थांबून मग फोन करू नका.

आज्जी दृष्ट काढायला सांगते. डॉक्टर हसतील का?

हसू देत. दृष्ट काढा, मारुतीचा अंगारा कपाळाला लावा, त्यात काही जात नाही. फक्त अंगारा पोटात द्यायचा नाही, आणि दृष्ट काढली म्हणून दवाखाना लांबवायचा नाही.

बिब्बा आणि डाग यांना मात्र माझा साफ विरोध आहे. बिब्ब्याचं तेल कोवळ्या कातडीला भाजतं, आणि पोटावर तापल्या विळ्याचा किंवा बांगडीचा डाग दिला तर आजार होता तिथंच राहतो, वर जखम चिघळते. कापराची पुडी गळ्यात बांधायची पद्धतही सोडा. पोर ती तोंडात घालतं, आणि कापूर पोटात गेला तर त्यानंच आकडी येते. बाम दोन वर्षांखाली नाकाला, छातीला चोळू नये.

डेंगी असेल तर कसं ओळखायचं?

घरी नक्की ओळखता येत नाही, शंका घेता येते. एकदम चढलेला मोठा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग ठणकणं, सर्दी-खोकला मात्र नाही. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही रक्ततपासणी, त्यानंतर आयजीएम. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं डेंगीला साथरोग जाहीर केलं, तेव्हा सरकारी दवाखान्यात चौकशी करायला संकोच नको.

डेंगीचा खरा डाव ताप उतरल्यावर असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पोराला शाळेत धाडायचं बोलू लागतात. आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गार पडलेले हातपाय, कमी झालेली लघवी, विलक्षण चिडचिड किंवा ग्लानी. हे दिसलं तर थेट भरती करायची सोय असलेल्या दवाखान्यात जा. पपईच्या पानांचा रस पाजत बसलात तर हेच तास हातचे जातात. प्लेटलेटच्या आकड्यावर सगळ्या घराचं लक्ष असतं, पण पोर किती पितंय आणि किती मुततंय हे जास्त महत्त्वाचं. तापाला औषध फक्त पॅरासिटामॉल.

हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून भरून ठेवलेली पिंपं झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा.

रानात जाणाऱ्या पोरांना आणखी कसला ताप येतो?

खानापूरच्या पश्चिमेकडची, काजूच्या बागांत आई-वडिलांसोबत जाणारी पोरं असतील तर माकडताप लक्षात ठेवा. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे २०१६ मध्ये दोडामार्ग भागात त्याची साथ आली, आणि दोडामार्ग आपल्याला लागूनच आहे. गोचिडीतून पसरतो, डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. अंगावर गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, तेल-रॉकेल ओतू नका, काडी लावू नका. आणि तापातल्या पोराच्या काखा, जांघा, कानामागची जागा नीट बघा. तिथं सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर तो बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा स्क्रब टायफस हा ताप असू शकतो. त्याला ठरावीक औषध आहे आणि ते वेळेत मिळालं की ताप लवकर हटतो. "पोर रानात गेलं होतं" हे डॉक्टरांना आपणहून सांगा, शहरातले डॉक्टर विचारतीलच असं नाही.

तापाबरोबर पुरळ आलंय. गोवर की कांजिण्या?

डोळे लाल, नाक वाहतं, तीन-चार दिवसांनी कानामागून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ हा गोवर. पाण्यानं भरलेले फोड टप्प्याटप्प्यानं येणं म्हणजे कांजिण्या. दोन्हीत अंघोळ घालता येते आणि पथ्य म्हणून उपाशी ठेवायचं नसतं. कडुलिंबाचा पाला उशाला ठेवा, पण गोवराची शंका आली तर आशाताईंना कळवा. घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांना वेगळं झोपवा.

लस दिल्यावर ताप आला. काय करू?

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर एक-दोन दिवस ताप येतो. नर्सबाईंनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल द्या. सुईच्या जागी गार पाण्याची घडी ठेवा, चोळू नका. गोवर-रुबेलाच्या लशीचा ताप आठवडाभरानं येऊ शकतो. दोन दिवसांच्या पुढे ताप राहिला तर लशीच्या माथी न मारता दाखवून या.

बेळगावात दाखवलं, गुण नाही. उद्या कोल्हापूरला नेऊ का?

निपाणीचे लोक कोल्हापूर गाठतात, कागवाडचे मिरज, बेळगावचे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत. तीन दिवसांत तीन डॉक्टर झाले की प्रत्येकजण पहिल्या पानापासून सुरू करतो. एकाचं अँटिबायोटिक दीड दिवस, दुसऱ्याचं एक दिवस, आणि रक्त तेवढं तीनदा काढलेलं. विषाणूचा ताप तीन-चार दिवस घेतोच, आणि तिसऱ्या डॉक्टरच्या हाताला गुण येतो तो बहुधा चौथ्या दिवसाचा. सुरुवातीला सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर त्याच डॉक्टरकडे परत जा. न्यायचंच असेल तर सगळे कागद, तपासण्या आणि औषधांच्या बाटल्या पिशवीत घालून न्या.

डॉक्टर कन्नड बोलतात, आम्हाला नीट सांगता येत नाही.

एक वही करा. दिवस, वेळ, ताप, कुठलं औषध किती मिली, लघवी किती वेळा, उलटी-जुलाब किती. ज्वर, वांती, भेदी एवढं तर आपल्याला येतंच, बाकीचं वही सांगते. औषध कधी आणि किती हे त्याच वहीत डॉक्टरांकडून किंवा आमच्याकडून लिहून घ्या. न समजता मान हलवून घरी जाऊ नका. परत विचारलं म्हणून कोणी ओरडलं तर आणखी एकदा विचारा.

सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायचं ठरलंय आणि पोराला कालपासून ताप आहे.

पोराला घरी ठेवा, कुणीतरी सोबत थांबा. औषध न घेता चोवीस तास ताप आला नाही की शाळा, यात्रा, लग्न सगळं चालतं. न्यावंच लागलं तर थर्मामीटर, पोराचं नाव लिहिलेली बाटली, सिरिंज आणि ओआरएसची दोन पाकिटं पिशवीत वरच्या वर ठेवा, भाकरीच्या गाठोड्याखाली नको.